पोटाला प्लेट, पाठीला बंपर

फ्रिजचा रिकामा खोका घरात असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. गाडीचं पोट दगडापासून वाचवणाऱ्या स्किड प्लेटचं काम त्या पुठ्ठ्यापासून सुरू होतं आणि माझ्या हिशेबाने निम्मं तिथेच संपतं. गॅरेजात येणारा प्रत्येक जण मात्र आधी विचारतो, "किती सुताची टाकायची?" दोन सूत टाका नाहीतर तीन, माप चुकलं असेल तर चूक तेवढी जड होते, एवढाच फरक.

मी सांगतोय ते मारुती जिप्सीबद्दल. १९८५ साली आलेली ही गाडी आता नवी मिळत नाही, पण मावळात, मुळशीत पावसाळ्यात चिखल तुडवायला निघालेल्या टोळक्यात एखादी तरी असतेच. शिडीसारखी चासी, पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे, वजन टनाच्या आतबाहेर. हातात ग्राइंडर घेतलेल्या हौशी माणसाला याहून सोपी गाडी नाही. बाकी गाड्यांची मापं वेगळी निघतील, रीत हीच.

आधी गाडीखाली झोपा. गाडी धुतलेली हवी, नाहीतर माप चिखलाचं निघतं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. चासीखाली स्टँड लावा किंवा सरळ खड्डा असलेल्या गॅरेजात तासभर जागा मागून घ्या. वर बघितलंत की जिप्सीचा स्वभाव कळतो. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडलेला नाही. मधे आखूड शाफ्ट आहे आणि केस स्वतंत्रपणे रबराच्या माउंटिंगवर चासीला लटकलेला आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, म्हणजे उंचवट्यावर गाडी पोटावर बसते तेव्हा नेमका दगड लागतो तिथे. पहिली प्लेट इथेच. इंजिनाच्या ऑइल संपची दुसरी. पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे असते, तिच्याकडे बंपरच्या वेळी येऊ.

आता पुठ्ठा. चासीच्या दोन रेलमधल्या जागेत बसेल असा तुकडा कापा, खालून टेकवा, पेनने खुणा करा, पुन्हा कापा. शाफ्ट कुठून जातो, सायलेन्सरचा पाइप कुठे वळतो, ड्रेन प्लग कुठे आहे, सगळं पुठ्ठ्यावर लिहून काढा. घडी घालायची तिथे आतून सुरीने हलकी रेघ ओढा म्हणजे पुठ्ठा सरळ मोडतो. केस आणि प्लेटमध्ये २० ते २५ मिमी जागा सोडा. केस रबरावर आहे, म्हणजे जोर आला की तो हलतो, पिळतो. आणि दगडावर आपटली की प्लेटही थोडी वर दबते.

संपच्या प्लेटला एक जादा परीक्षा आहे. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अख्खाच्या अख्खा वर येतो. म्हणून एक पुढचं चाक मोठ्या दगडावर किंवा रॅम्पवर चढवून, पाटा बंप स्टॉपला टेकेपर्यंत दाबून माप घ्या. सपाट जमिनीवर घेतलेल्या मापाची प्लेट पहिल्याच खड्ड्यात अ‍ॅक्सलवर घण घातल्यासारखी वाजते.

पुठ्ठा बसला की तोच आकार १ मिमी पत्र्यात करून पुन्हा लावून बघायचा. हा टप्पा बरेच जण गाळतात. पुठ्ठा लवचीक असल्यामुळे आपली चूक पोटात घालतो, पत्रा घालत नाही.

आकाराबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवा: प्लेट म्हणजे होडीचा तळ. दगडावरून तिने घसरत जायचंय. पुढची कड वर वळवलेली हवी, ३० ते ४५ अंशांत. मजबुतीच्या पट्ट्या आतल्या अंगाला, वरच्या बाजूने. खालच्या अंगाला काहीही उठलेलं नको. दोन प्लेटा एकामागे एक येत असतील तर माशाच्या खवल्यांसारख्या रचा: पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या खाली जायला हवी, म्हणजे पुढे जाताना दगड फटीत अडकत नाही. आणि रिव्हर्सला अडकू नये म्हणून तीच कड जराशी वर मुडपून घ्या. पाणी आणि चिखल निघायला खाचा ठेवा, पण गाडीच्या लांबीच्या दिशेने. आडव्या खाचेत दगडाचं टोक नेमकं शिरतं.

ड्रेन प्लगसाठी भोक ठेवायला विसरू नका. मी विसरलो होतो. मग प्रत्येक ऑइल बदलाला आठ बोल्ट, तेही पावसाळ्यात गंजलेले.

लोखंड की अ‍ॅल्युमिनियम, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद होतो. हिशेब साधा आहे. ५ मिमी लोखंडी प्लेट चौरस मीटरला ३९ किलोच्या वर भरते. ट्रान्सफर केसची प्लेट साधारण ६०० बाय ७०० मिमीची धरली तर साडेसोळा किलो. तीच ४ मिमीत तेरा किलो, आणि ६ मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये सातच्या आत. वजन वाचतं, पण अ‍ॅल्युमिनियम मऊ; आपल्या बेसाल्टवर आणि विशेषतः कोकणातल्या जांभ्यावर ते घसरण्याऐवजी चरे पाडून घेत रुततं. लोखंड ओरखडा घेतं आणि पुढे सरकतं. शिवाय वाकलेलं लोखंड रानातसुद्धा हातोड्याने सरळ होतं. मी ५ मिमी साधी माइल्ड स्टील वापरतो, आयएस २०६२ दर्जाची. मिस्त्री तिला दीड सूत म्हणतात. टनभराच्या गाडीला एवढी पुरे.

कापायला प्लाझ्मा किंवा लेझर. भोसरीच्या एमआयडीसीत अशी कामं करणारी बरीच वर्कशॉप्स आहेत आणि एकटी प्लेटही कापून देतात, फक्त त्यांच्या मोठ्या कामात तुमचा नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. ग्राइंडरनेही कापता येते. गॉगल आणि फेस शील्ड दोन्ही लावा, कारण कटिंग व्हील फुटतं तेव्हा सांगून फुटत नाही.

घडी मात्र प्रेस ब्रेकवरच घाला. मीटरभर लांबीच्या ५ मिमी प्लेटला ४० मिमीच्या व्ही-डायमध्ये ४० टनांच्या आसपास दाब लागतो. हातोड्याचं काम नव्हे. घडीची आतली गोलाई निदान प्लेटच्या जाडीएवढी हवी, आणि जमलं तर घडी रोलिंगच्या दिशेला आडवी घ्या, नाहीतर बाहेरच्या कडेला बारीक तडे जातात. बेंडिंगवाल्याला माप देताना आतलं की बाहेरचं, ते चिठ्ठीवर लिहा. माझ्या पहिल्या प्लेटला दोन्ही कडा वर वळवायच्या होत्या. मी आतलं माप मनात धरून बोललो, त्याने बाहेरचं समजून घडी घातली. दोन्ही बाजूंच्या जाड्या मिळून बरोबर १० मिमी कमी. प्लेट ब्रॅकेटवर काही केल्या चढेना. "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलंय," तो म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. ती प्लेट आता माझ्या वर्कबेंचखाली ऐरणीचं काम करते.

जोडणी चासीला, आणि शक्य तिथे कंपनीच्याच भोकांत. नवं भोक पाडायचंच तर रेलच्या उभ्या बाजूला, वरच्या-खालच्या पट्टीत कधीच नाही. ड्रिल लावण्याआधी रेलच्या आतल्या अंगाला हात फिरवून ब्रेकचा आणि पेट्रोलचा पाइप कुठे आहे ते बघा. जिप्सीची रेल बंद पेटीसारखी आहे. आरपार बोल्ट आवळला की ती चेपते, म्हणून आत पाइपचा बुश घालून त्यातून बोल्ट न्यायचा. चासीवर वेल्डिंग मी करत नाही. ब्रॅकेट जागेवर बोल्टने धरा, प्लेटशी जुळवून खुणा करा, मग सगळं खाली उतरवून टेबलावर टॅक मारा.

बोल्ट ८.८ ग्रेडचे. एम१० ला साधारण ४५ न्यूटन मीटर, एम१२ ला ८० पर्यंत. सगळे एकाच मापाचे ठेवा, म्हणजे रानात एका पान्यात काम होतं. आता बोल्टाच्या डोक्याचं बघा. खालून उघडं राहिलेलं षटकोनी डोकं चार-पाच दगडांनंतर गोल होतं; एकदा तर माझं एक डोकं तासून इतकं पातळ झालं होतं की नाण्यासारखं दिसत होतं आणि पाना धरायला काही उरलंच नव्हतं. छिन्नीने तोडावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक डोक्याभोवती जाड लोखंडी कडं वेल्ड करतो, डोक्यापेक्षा दोन मिमी उंच, बाहेरची कड उतरती घासलेली. उठाव नको हा वर सांगितलेला नियम इथे मोडतो, पण उतरत्या कड्यावरून दगड निसटतो. कड्यात पाना शिरेल एवढी जागा ठेवा. आट्यांना कॉपर ग्रीस लावा.

प्लेट बसली की कणकेची परीक्षा. स्वयंपाकघरातून सुपारीएवढे पाच-सहा गोळे घट्ट कणीक मागून आणा, ट्रान्सफर केसच्या सगळ्यात खाली आलेल्या टोकांवर चिकटवा, प्लेट आवळा आणि गाडी चांगली आदळत-आपटत फिरवून आणा. प्लेट उतरवली की गोळा किती चेपलाय ते मोजा. ८-१० मिमी उरली असेल तर ठीक. कागदासारखी झाली असेल तर ब्रॅकेटखाली पॅकिंग टाका.

आता मागचा बंपर. हात लावण्याआधी कायद्याचं बोलू. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरतात, कारवाई करा, असं राज्यांना कळवलं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला लोखंडी बंपर लावला तर दंड होऊ शकतो आणि अपघातानंतर विमा कंपनीही प्रश्न विचारते. पायी चालणाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला लागतं ते वेगळंच. माझा बंपर ट्रॅकवर जाताना चढतो आणि परत आलो की उतरतो. म्हणून पहिली अट: तो कंपनीच्या बंपरच्याच जागी, बोल्टवर, अर्ध्या तासात निघाला पाहिजे.

मुख्य आडवा भाग १०० बाय ५० मिमीच्या, ४ मिमी जाड चौकोनी पाइपचा. मीटरला नऊ किलोच्या आतबाहेर, म्हणजे सव्वा मीटरला अकरा किलो. जीआय पाइप स्वस्त दिसला तरी घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो. दोन्ही टोकं खालून तिरकी कापून, प्लेटने बंद करून बॉडीच्या कडेकडे वर न्या. चढावर चढताना गाडीचा मागचा खालचा कोपरा टेकतो तो इथेच. बंपरपासून खाली पुढे जाणारी ४ मिमी प्लेट टाकीच्या खालपर्यंत ओढली की टाकीची स्किड प्लेटही त्यातच निघते. टाकीपासून अंतर सोडायचं, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी मोकळी जागा ठेवायची. दिवाळीनंतर पठारावरचं गवत वाळतं आणि प्लेटवर साठतं. गरम पाइपाशेजारी ते साठणं म्हणजे आगीला आमंत्रण.

या बंपरचं खरं काम ओढून काढण्याचं आहे, त्यामुळे शॅकलच्या कानांवर वेळ घालवा. पाऊण इंची बो शॅकल पावणेपाच टनांच्या कामाचा असतो आणि त्याची पिन २२ मिमीची. कान २० मिमी प्लेटचा, भोक २४ ते २५ मिमी, आणि भोकाच्या कडेपासून कानाच्या कडेपर्यंत निदान भोकाएवढंच लोखंड. कान बंपरच्या तोंडावर नुसता चिकटवू नका. पाइपाला खाच पाडून तो आरपार न्या, पुढून-मागून दोन्हीकडे वेल्ड करा, आणि मागचं टोक चासीला बोल्ट होणाऱ्या प्लेटशी जोडा. ओढ सरळ चासीत गेली पाहिजे, पाइप नुसता वाटेत आहे असं समजा. गाडी ओढताना दोर टो बॉलला अडकवायची चूक करू नका. तो बॉल तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटल्याने माणसं मेली आहेत.

वेल्डिंगला ७०१८ रॉड, ३.१५ मिमीचा, १०० ते १४० अँपिअरवर. हा रॉड ओलावा पितो. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला वापरला तर टाक्यात बुडबुडे राहतात. ओव्हनमध्ये सुकवलेलाच मागा. कानाच्या कडा तिरक्या घासून घ्या, म्हणजे वेल्ड आतपर्यंत उतरतो. लांब जोड एका दमात ओढू नका. ४०-५० मिमीचे तुकडे आलटून पालटून, नाहीतर बंपर केळीसारखा वाकतो. गाडीवर जागेवरच टॅक मारण्याची वेळ आलीच तर आधी पेट्रोलची टाकी उतरवा आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. कानांचे वेल्ड डाय पेनिट्रंटने तपासून घ्या. हात स्थिर नसेल तर कानांपुरतं काम परवानाधारक वेल्डरला द्या. मी दिलं, लाज वाटली नाही.

रंगाबद्दल फार बोलत नाही. गंज घासून, रेड ऑक्साइडवर साधा काळा. प्लेटच्या खालच्या बाजूला पावडर कोटिंग करणं म्हणजे पैसे दगडाला देणं. नंबर प्लेट, तिचा दिवा आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, तेवढं दहा पावलं मागे जाऊन बघा.

पहिल्या ट्रॅकनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पाइपने प्लेटच्या आतला चिखल धुवा. आणि कंपनीचा मूळ बंपर माळ्यावर ठेवताना त्याचे बोल्ट पिशवीत घालून त्यालाच तारेने बांधा. मी ते खिळ्यांच्या डब्यात टाकले होते.