लाल लुगड्याची गोधडी

घटस्थापना जवळ आली की मुळशीत घरोघरच्या गोधड्या धुवायला निघतात. पौडजवळच्या एका वाडीत भाचीनं आजीच्या लाल लुगड्याची आणि आजोबांच्या धोतराची गोधडी पहिल्यांदाच धुतली, आणि पांढऱ्या धोतरावर गुलाबी ढग उमटले. मामांची उभी हयात इचलकरंजीत सूत रंगवण्यात गेलेली.

— मामा, मूठभर मीठ, वाटीभर व्हिनेगर, तुरटीचा खडा, सगळं घातलं होतं हो. तरी रंग सुटलाच.

— गोधडी धूत होतीस की लोणचं घालत होतीस? अगं, तुरटी लागायची मंजिष्ठेच्या लालाला, तीही रंगवायच्या आधी. 1884 साली जर्मनीत काँगो रेड निघाला आणि तुरटीचं काम संपलं. मिठाच्या पाण्यात उकळलं की सूत लाल. पण असा रंग सुताला नुसता बिलगलेला असतो, पाणी दिसलं की सुटतो.

— आणि व्हिनेगर?

— ते रेशमाच्या, लोकरीच्या रंगाला. सुताला काही उपयोग नाही. काँगो रेड तर आंबटात निळा पडतो! मिठानं रंग तेवढ्यापुरता दबतो, पुढच्या साध्या पाण्यात परत सुटतो.

— मग पक्का रंग नसतोच का?

— असतो की. 1956 साली इंग्लंडात असे रंग बाजारात आले, जे सुताशी रासायनिक गाठच मारतात. पण तिथंही थोडा रंग गाठ न मारता उरतो. तो कढत पाण्यानं धुऊन काढायचा असतो. कारखान्यानं तिथं घाई केली की तो तुझ्या बादलीत उतरतो.

— बादलीतच तर धुतली. नंतर पाऊस आला म्हणून पडवीत दांडीवर टाकली. दोन दिवस वाळलीच नाही.

— इथं बघ, दांडीवरच्या घडीपाशी डाग फिका आणि खालच्या काठाला गडद. पाणी निथळत खाली आलं, सोबत रंग आला आणि तिथंच थांबला. रंग पाण्यात सुटला तर एवढं बिघडत नाही. ओल्या लालाला पांढरं चिकटून राहिलं की बिघडतं. ओढ्यावर धुणाऱ्या बायकांचा रंगही सुटायचाच, पण वाहत्या पाण्याबरोबर जायचा. तू एवढं धूड बादलीत कोंबलंस.

— आता काय करू?

— आधी उन्हात टाकू नकोस, ओलीच ठेव. मोठ्या पिंपात सोसवेल तेवढं गरम पाणी घे, साबणाची पावडर टाक आणि गोधडी सैल बुडव. पाणी रंगलं की बदलायचं, दुसरं नितळ राहीपर्यंत. साबण सुटलेला रंग पाण्यातच धरून ठेवतो. लाल जरा फिकट होईल, ते चालवून घे. मग स्वच्छ पाण्यातून काढ आणि खडखडीत ऊन असेल त्याच दिवशी दोन दांड्यांवर पसर, म्हणजे मधून वारा जाईल.

— पुढच्या गोधडीला?

— शिवायच्या आधी प्रत्येक तुकडा वेगळा धू. ओल्या तुकड्यावर पांढरं फडकं ठेवून इस्त्री दाब. फडकं रंगलं तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी लावायचा नाही. लाल दोराही असाच तपास, तो फार फसवतो.

— आजीला हे कुणी शिकवलं होतं? तिच्या एकाही गोधडीवर डाग नाही.

— माळ्यावरची ती मोठी आण बरं. आतलं धोतर कोणत्या रंगाचं आहे?

— गुलाबी.

— तुझ्या आजोबांनी जन्मात गुलाबी धोतर नेसलं नाही.