पी. एल. ४८० : गव्हाच्या पोत्यामागचे राजकारण

शीतयुद्ध म्हटले की आपल्याला क्षेपणास्त्रे आणि बर्लिनची भिंत आठवते. पण हे युद्ध गव्हाच्या पोत्यांनीही लढले गेले आणि ती पोती आपल्या रेशन दुकानांपर्यंत पोहोचली होती.

१९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली. भुकेला देश साम्यवादाकडे लवकर वळतो, अशी भीती अमेरिकेच्या राज्यकर्त्यांना वाटे. म्हणून लोकशाही भारत त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. शिवाय अमेरिकेत गहू शिल्लक पडत होता. १९५४ मध्ये तेथे 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा झाला. भारताने त्याखाली १९५६ मध्ये पहिला करार केला. १९६० च्या करारात चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख टन धान्य ठरले. किंमत रुपयांत द्यायची असल्याने आपले परकीय चलन वाचले.

सोव्हिएत संघही मागे नव्हता. १९५५ च्या करारानुसार त्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्यास मदत केली. भारत अलिप्त राहून दोघांकडूनही मदत घेत होता.

मात्र या मदतीला दोरी बांधलेली होती. १९६५ आणि १९६६ साली लागोपाठ दुष्काळ पडला. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. त्याच काळात भारताने व्हिएतनाम युद्धावर टीका केली. ती राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना रुचली नाही. भारताने शेतीचे धोरण बदलावे, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून धान्य थोडे थोडे सोडण्यास सुरुवात केली. जहाज आले तर चूल पेटणार, अशी वेळ आली.

या गव्हाने असंख्य लोकांची भूक भागवली, हे विसरता कामा नये. पण परक्याच्या धान्यावर जगणाऱ्याला आपले मत मोकळेपणाने मांडणे महाग पडते, हेही तेव्हाच कळले. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि शास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले गेले. १९६८ मध्ये गव्हाचे विक्रमी पीक आले.

स्वाध्याय
१) मदत करणारा आणि घेणारा, या दोघांचे हेतू लिहा.
२) शास्त्रीजींनी १९६५ मध्ये आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. घरातील वडीलधाऱ्यांना त्या दिवसांविषयी विचारा आणि त्यांच्या आठवणी वहीत उतरवा.