परसातील मिरची

बीड जिल्ह्यातून बालाघाटाची डोंगररांग गेलेली आहे. पाटोदा, शिरूर, धारूर या बाजूंची पुष्कळ गावे या डोंगरांच्या अंगाखांद्यांवर वसली आहेत. जमीन हलकी व मुरमाड, आणि पाऊस बेताचा. जिल्ह्याची वार्षिक सरासरी सातशे मिलिमीटरच्याही आतच राहते, आणि तीही दरवर्षी पुरी होईलच असा भरवसा नसतो. मे महिना उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे आणि घागरी रांगेने बसतात.

अशा गावात पाणी एकदाच वापरून फेकून देणे कोणालाही परवडत नाही. डाळ धुतलेले पाणी, भांडी विसळलेले पाणी, हातपाय धुतलेले पाणी हे सारे मोरीतून बाहेर पडते व एका लहानशा चरातून परसात जाते. त्या चराच्या कडेला बहुधा एक अळूचा गड्डा असतो, एखादे शेवग्याचे झाड असते, आणि चार-सहा मिरचीची झाडे असतात. ही मिरची कोणी हौसेखातर लावलेली नसते. भाजीला पैसा नसेल, बाजार दूर असेल, तर त्या दिवशी भाकरीबरोबर काय खावयाचे, या प्रश्नाचे ते उत्तर असते. तव्यावर हिरव्या मिरच्या थोड्याशा तेलात परतावयाच्या, त्यांत लसूण, मीठ व भाजलेले शेंगदाणे घालावयाचे, आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने ते रगडून काढावयाचे. हा ठेचा ज्वारीच्या भाकरीवर पडला की जेवण झाले!

या झाडांना आणखीही एक महत्त्व आहे. दसरा-दिवाळी आटोपली की या भागातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. घरी राहतात ते आजी, आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. तेवढे पाच-सहा महिने घराचे तिखट परसातल्या झाडांनी पुरवावयाचे असते. म्हणूनच आजी मृगाच्या आधीपासून बियांच्या बाटलीकडे लक्ष ठेवून असते.

इतकी आपली वाटणारी ही मिरची मूळची मात्र आपली नाही. तिचे माहेर अमेरिका खंड. मेक्सिको देशातील लोक हजारो वर्षांपासून तिची लागवड करीत आले आहेत. १४९२ मध्ये कोलंबस मिऱ्यांच्या देशाचा, म्हणजे हिंदुस्थानचा, शोध करीत निघाला आणि भलत्याच भूमीला लागला. तेथे त्याला मिरे सापडले नाहीत. मिऱ्याहून तिखट असे एक फळ सापडले. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. आपल्या लोकांनी त्याची चव घेतली व जुन्या मिऱ्यावरूनच त्याला नाव दिले, मिरची. त्याआधी स्वयंपाकात तिखटपणा येत असे तो मिरे, पिंपळी आणि आले यांनी. ज्यांची समाधी अंबाजोगाई येथे दाखवितात, त्या आद्य कवी मुकुंदराजांच्या ताटात ठेचा कधी पडला नसेल! सोलापूर जिल्ह्यातील अरण या गावचे संत सावता माळी तेराव्या शतकात होऊन गेले. त्यांच्या नावाने गायिल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध अभंगात मिरचीचे नाव येते, आणि मिरची तर त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने या देशात आली. तो शब्द मागाहून कोणाच्या मुखी बसला की तेथे मिऱ्याचाच निर्देश होता, हा प्रश्न विद्वानांनी सोडवावा. गाणाऱ्यांचे त्यावाचून कधी अडलेले नाही.

आता लागवडीकडे वळू. आजीची बाटली उघडावी. बी चपटे, वाटोळे व फिकट पिवळे असते. ते वर्षभरापूर्वीचे असले तर उत्तम उगवते. दोन-तीन वर्षांचे झाले की त्याची उगवण मंदावते. जूनच्या आरंभी, मृग नक्षत्राच्या सुमारास, ते एका पसरट कुंडीत अथवा फुटक्या माठाच्या बुडात पेरावे. बुडाला भोक असलेच पाहिजे, व त्यावर एक खापरी पालथी ठेवावी, म्हणजे माती वाहून न जाता पाणी तेवढे निघून जाते. निव्वळ काळी माती घेऊ नये; ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी होते. तिच्यात निम्म्याने पूर्ण कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. बोटाने अर्ध्या पेराहून कमी खोल रेघा ओढून त्यांत बी विरळ टाकावे, वरून बारीक माती भुरभुरावी आणि कडेने राख टाकावी, म्हणजे मुंग्या बी ओढून नेत नाहीत. वरून वाळलेल्या गवताचे पातळ पांघरूण घालावे.

आठ ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. अंकुर दिसताच गवत काढून टाकावे. या वेळी मुलांच्या हातून एक चूक हमखास होते. माया म्हणून ती दिवसातून चार वेळा पाणी घालतात. मग एका सकाळी कोवळी रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडलेली आढळतात. याला रोपे कोलमडणे म्हणतात. ओलसर मातीतील बुरशीमुळे हे घडते, आणि पडलेले रोप पुन्हा उठत नाही. दुष्काळी मुलखातील झाडही अति पाण्याने मरते, ही गोष्ट पाहिल्याशिवाय पटत नाही. मातीवर बोट टेकून पाहावे. कोरडी लागली तरच पाणी शिंपडावे.

सुमारे पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर उंच होते. जुलैच्या मध्यावर, आभाळ आलेले असताना अथवा ऊन उतरल्यावर, ते मुळांभोवतीच्या मातीसह उचलून मोठ्या जागी लावावे. परसात दोन रोपांमध्ये दीड-दोन फुटांचे अंतर ठेवावे. परस नसेल तर तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा एका रोपाला पुरतो. त्याच्या बुडालाही भोके पाडण्यास विसरू नये. कीटकनाशकाचा रिकामा डबा मात्र कितीही धुतला तरी या कामी घेऊ नये; तो घरात आणूच नये. जागा अशी निवडावी, की जेथे निदान सहा तास ऊन मिळेल.

मोरीच्या पाण्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. पूर्वी भांडी राखेने घासत, तेव्हा सारेच पाणी झाडाला चाले. आज पुष्कळ घरी कपडे व भांडी यांसाठी साबणाची पूड वापरतात. फेसाळ पाणी रोज मुळाशी गेले तर जमिनीत क्षार साचतात व पानांच्या कडा करपतात. म्हणून पहिले फेसाचे पाणी बाजूला काढून शेवटच्या विसळणीचे पाणी तेवढे झाडांना द्यावे. बुंध्याभोवती पाचट किंवा वाळका पाला पसरला तर तेवढ्याच पाण्यात झाड अधिक दिवस तग धरते.

लावणीनंतर सहा-सात आठवड्यांनी पानांच्या बेचक्यांत लहान पांढरी फुले येतात. ती खाली मान घालून असतात, त्यामुळे चटकन नजरेस येत नाहीत. उष्णता फार वाढली अथवा पाण्याला ताण पडला तर ती गळतात. बहुतेक फुलांचे परागीभवन त्यांचे त्यांच्यातच होते. तथापि मधमाश्या या झाडावरून त्या झाडावर फिरत असल्यामुळे शेजारी ढबू मिरची लावलेली असेल, तर पुढल्या वर्षीच्या बियांतून कसली मिरची निघेल हे सांगता येत नाही.

याच सुमारास झाडाचा मोठा शत्रू येतो. पाने आकसू लागतात, त्यांना सुरकुत्या पडतात, शेंडा खुरटतो. शेतकरी याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. पाने वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिड्यांचे काम असते. खालच्या बाजूला वळली तर कोळ्यांचे. दोन्ही जीव इतके सूक्ष्म, की पान उलटून काळजीपूर्वक पाहावे लागते. कधी पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू या रोगाच्या मुळाशी असतो, आणि असे झाड उपटून दूर नेऊन टाकणे हाच त्यावर इलाज. किडींसाठी मात्र गावातच औषध आहे. मे-जूनमध्ये कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून सावलीत वाळवाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून त्यात साबणाचा किंचित चुरा विरघळवावा व सायंकाळी पानांच्या खालच्या अंगावर फवारावा. एका फवारणीने काम भागत नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे लागते. ज्या घरी निंबोळ्या आधीच वाळवून ठेवलेल्या असतात, त्या घरचे झाड वाचते.

भाद्रपद सरता सरता हिरव्या मिरच्या तोडणीस येतात. मिरची देठासह खुडावी. ओढून तोडल्यास फांदीच मोडते. खुडल्याने झाडाचे नुकसान होत नाही, उलट त्याला नवी फुले येतात. दसऱ्याच्या आसपास घराघरांतून ठेच्याचा खमंग वास व ठसका एकदमच उठू लागतो. तोडीला निघालेल्या माणसांच्या शिदोरीत तो बांधून द्यावयाचा असतो. त्यानंतर मात्र आजी काही मिरच्या झाडावरच राहू देते. त्या तीन-चार आठवड्यांत तांबड्या होतात.

मिरचीला तिखटपणा येतो तो कॅप्साइसीन नावाच्या द्रव्यामुळे. पुष्कळांचा समज असा, की तो बियांत असतो. वस्तुतः तो असतो आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बियांना तो केवळ संसर्गाने लागतो. हे द्रव्य जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. म्हणून प्रत्यक्षात काहीही भाजलेले नसताना जीभ भाजल्याचा भास होतो. डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे कोडे उलगडले, व २०२१ मध्ये त्याला दुसऱ्या एका संशोधकाबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पक्ष्यांना हा दाह जाणवत नाही. पोपट पिकलेल्या मिरच्या खुशाल खातो, ते याच कारणाने. रानमिरचीचे बी पक्ष्यांच्या पोटातून सुखरूप बाहेर पडून दूरवर रुजते. सस्तन प्राण्यांच्या दाढांखाली ते चिरडले गेले असते. कॅप्साइसीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. मिरच्या चिरून हाताची आग झाली तर नुसते पाणी ओतून उपयोग होत नाही. तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत. तोंड भाजले तर ताक अथवा दूध प्यावे. आणि तो हात डोळ्याला कधीही लावू नये.

तिखटाच्या पलीकडेही मिरचीत काही आहे. हंगेरीतील अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हा शास्त्रज्ञ क जीवनसत्त्वाच्या शोधात होता. एका रात्री पानात आलेली मिरची खाण्याची इच्छा नव्हती, म्हणून त्याने ती प्रयोगशाळेत नेली, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. ती या जीवनसत्त्वाची खाणच निघाली. १९३७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व विपुल असते. शिजविल्याने व वाळविल्याने ते पुष्कळसे नष्ट होते.

मार्गशीर्षात तांबड्या मिरच्या खुडतात. त्यांचा एक-दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवतात, म्हणजे अर्धवट रंगलेल्या मिरच्याही सारख्या पिकतात. मग त्या उन्हात पातळ पसरावयाच्या, रोज वरखाली करावयाच्या व सायंकाळी दवाआधी घरात घ्यावयाच्या. हे काम शाळेतून आलेल्या नातवंडांचे. एखादे दिवशी खेळाच्या नादात मिरच्या बाहेर राहतात, दव पडते, आणि चार दिवसांनी काहींच्या पोटात करडी बुरशी दिसते. बुरशी आलेल्या मिरच्या कधीही वापरू नयेत. बुरशीत विषारी द्रव्ये तयार होतात, आणि ती कुटल्याने अथवा भाजल्याने जात नाहीत. चार किलो ओल्या मिरच्यांच्या वाळून जेमतेम किलोभर होतात. त्यामुळे टाकलेली प्रत्येक मूठ आजीच्या जिवाला लागते. मिरची नीट वाळली की हलविल्यावर आतले बी खुळखुळते. मग ती बरणीत भरून झाकण घट्ट लावावयाचे. यातूनच पुढे काळे तिखट होते, आणि लग्नसराईत मराठवाड्याच्या पंगतींना रंग आणणारे येसरही.

बियांसाठी मात्र आजीने फळे केव्हाच राखून ठेवलेली असतात. ज्या झाडाला बोकड्या शिवला नाही आणि कमी पाण्यातही ज्याने मिरच्या धरल्या, त्या झाडाला ती एक चिंधी बांधून ठेवते. त्याची पूर्ण पिकलेली फळेच ती बियांसाठी घेते. संकरित वाणाचे बी असे राखून उपयोग नसतो. त्यातून आईसारखी झाडे निघत नाहीत. गावठी, लवंगी किंवा ज्वाला यांसारख्या वाणांचे बी मात्र वर्षानुवर्षे घरचेच चालते. बी सावलीत वाळवून, थोडी राख मिसळून, कोरड्या बाटलीत भरावयाचे.

पाडवा येतो. उसाच्या फडावरून बैलगाड्या आणि ट्रक परततात. आई दारात पाऊल ठेवते, तेव्हा मोरीच्या कडेची दोन झाडे वाळलेली असतात. दोन अजून हिरवी असतात, कारण विसळणीचे पाणी नातवंडांनी चुकू दिलेले नसते. त्यांवरच्या पाच-सात मिरच्या त्या संध्याकाळी तव्यावर पडतात. बाटली कोनाड्यात असते, आणि अंगणातील कडुनिंबाला मोहोर आलेला असतो.