लोखंडाचा जमाखर्च

गोंदिया शहराला लागून फुलचूर हे गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा. पीक हाती आले, की धान काट्यावर चढते आणि काट्यावरचा आकडा वहीत उतरतो. ‘यंदा धान पुष्कळ पिकले,’ एवढ्यावर कोणी शेतकरी समाधान मानीत नाही. किती पिकले, हे तो क्विंटलांत सांगतो. ‘पुष्कळ’ हा शब्द कानाला गोड लागतो. परंतु त्याने व्यवहार होत नाही.

शरीरबळाचेही तसेच आहे. जुन्या तालमींत जोर-बैठका मोजून काढीत. आजच्या व्यायामशाळेत लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकांना चढवावयाच्या चकत्या असतात. या साधनाला बारबेल म्हणतात. ज्याला त्याचा खरा लाभ हवा असेल, त्याने दांड्याशेजारी एक वही ठेवावी.

फुलचूरच्या एखाद्या मुलाने जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली हा व्यायाम आरंभिला, असे समजू. स्पर्धेतील पुरुषांचा दांडा २० किलोचा व स्त्रियांचा १५ किलोचा असतो. २० किलोच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा किलोची एकेक चकती लावली, तर एकूण भार ४० किलो होतो. कित्येक नवशिके येथेच चुकतात. चकत्या मोजतात आणि दांडा विसरतात. म्हणून वजन नेहमी दांड्यासह लिहावे.

चांगल्या नोंदीत तारीख, व्यायामाचे नाव, वजन, किती वेळा व किती फेऱ्या, आणि शेवटी एक शेरा असतो. उदाहरणार्थ : ‘४० किलो, ५ वेळा, ३ फेऱ्या, शेवटच्या फेरीत पाठ वाकली.’ यातील अखेरचे चार शब्द फार मोलाचे आहेत. भार किती उचलला, हे आकडा सांगतो. तो कसा उचलला, हे शेरा सांगतो. पाठ वाकत असताना भार वाढविणे म्हणजे दुखापतीला बोलावणे धाडणे होय. पुढच्या खेपेस ही ओळ वाचणारा मुलगा आणखी चकत्या चढविण्याची घाई करणार नाही.

मायलो नावाच्या प्राचीन ग्रीक मल्लाची एक आख्यायिका आहे. तो रोज एक वासरू खांद्यावर घेई. वासरू दिवसेंदिवस वाढत गेले, तसतसे मायलोचे बळही वाढले. आणि अखेर तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला. भार हळूहळू वाढवावा, हे या कथेचे सार. परंतु वासरू आपोआप वाढते, लोखंड वाढत नाही. ते किती वाढवावयाचे, हे माणसाला ठरवावे लागते आणि त्यासाठी काल किती होते, हे नेमके ठाऊक असावे लागते. नुसत्या आठवणीवर विसंबण्यात अर्थ नाही. आठवण मागचा आकडा फुगवून सांगते.

एका किलोने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर याने ५५ किलो वजनगटात स्नॅच प्रकारात ११३ आणि क्लीन अँड जर्क प्रकारात १३५, असे एकूण २४८ किलो वजन उचलले. पुढील प्रयत्नात कोपराला दुखापत झाली व उरलेले दोन्ही प्रयत्न निष्फळ ठरले. सुवर्णपदक मलेशियाच्या खेळाडूने २४९ किलो उचलून मिळविले. संकेतला रौप्यपदक मिळाले. अंतर एका किलोचे होते!

तथापि, वहीची खरी कसोटी अपयशाच्या दिवशी लागते. २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमध्ये मणिपूरच्या मीराबाई चानू हिचे क्लीन अँड जर्कमधील तिन्ही प्रयत्न फसले. त्यामुळे निकालपत्रात तिच्या नावापुढे एकूण वजनाचा आकडाच लागला नाही. ती ओळ आजही तशीच आहे. कोणी ती खोडू शकत नाही. पण तिच्या पुढच्या ओळीही तितक्याच खऱ्या आहेत. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत १९४ किलो व सुवर्णपदक; २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२ किलो व रौप्यपदक. पहिली ओळ वाचल्यावाचून दुसरीचे मोल कळत नाही.

म्हणून जे उचलता आले नाही, तेही लिहावे. बाजारात खोटे माप करणारा दुसऱ्याला फसवितो. व्यायामाच्या वहीत खोटा आकडा लिहिणारा स्वतःलाच फसवितो. वही काहीही लिहून घेते. लोखंड मात्र दुसऱ्या दिवशी आपले खरे वजन सांगतेच.

अभ्यास

१. ‘पुष्कळ’ या शब्दाने व्यवहार का होत नाही?
२. १५ किलोच्या दांड्याला दोन्ही टोकांस पाच-पाच किलोची एकेक चकती लावली, तर वहीत किती वजन लिहाल?
३. मायलोचे वासरू आणि लोखंडी चकत्या यांत कोणता फरक आहे?
४. ‘लोखंडाचा जमाखर्च’ हे नाव या पाठाला कसे शोभते, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. आठवडाभर स्वतःच्या एखाद्या व्यायामाची किंवा अभ्यासाची खरी नोंद ठेवा व ती वर्गात वाचून दाखवा.