एक मोहोर, एक वीट : धार, मांडवगड व देवास यांचा अभ्यासप्रवास

आपल्या समाजाला प्रवास नवा नाही. तीर्थयात्रा आणि व्यापार या दोन निमित्तांनी आपले वाडवडील वर्षातील कित्येक महिने घराबाहेर असत. आता त्यात सहल या तिसऱ्या निमित्ताची भर पडली आहे. अनेक कुटुंबे युरोपात जातात, स्वित्झर्लंडमधील बर्फाचे डोंगर पाहतात, बर्नसारख्या जुन्या शहरी मुक्काम करतात आणि तेथील स्वच्छतेची व दुकानांची वर्णने करीत परत येतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु धारहून अवघ्या ३५ किलोमीटरांवर असलेल्या मांडवगडात आपल्याच पेशाच्या पूर्वजांनी काय करून ठेवले आहे, असे याच कुटुंबांतील मुलांना विचारावे, तर जहाजमहाल आणि रूपमती या दोन नावांपलीकडे उत्तर मिळत नाही. ही उणीव भरून काढावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ऐतिहासिक नगरीत गेल्यावर काय पाहावे, काय खावे व काय घ्यावे, हे तर त्यात आहेच. शिवाय एक प्रश्नही आहे. नगरी कशाने जगते आणि कशाने ओस पडते?

बर्नचे उदाहरण

प्रथम परदेशाचाच दाखला घेऊ. बर्न शहर ११९१ मध्ये वसले. १४०५ च्या आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला, तेव्हा लोकांनी ते लाकडाऐवजी दगडात पुन्हा उभारले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमानींच्या पडव्या असून त्यांची एकूण लांबी सुमारे ६ किलोमीटर भरते. या पडव्यांत आजही दुकाने चालतात. कित्येक दुकाने तर तळघरांत आहेत व त्यांत रस्त्यावरूनच पायऱ्या उतरून जावे लागते. नोव्हेंबरच्या चौथ्या सोमवारी तेथे चक्क कांद्याचा बाजार भरतो; आपल्या मंडळींनी तो दुरूनच पाहावा! १९८३ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. हा मान केवळ मनोऱ्यांचा नव्हे. जुन्या घरात दुकान चालू राहिले, म्हणून घराची डागडुजी होत राहिली, आणि घर राहिले म्हणून शहर राहिले.

धारानगरी

योगायोग असा, की बर्न जळाले त्याच १४०५ साली धार येथे दिलावरखानाने लाट मशीद बांधली. तिच्याजवळ पडलेला लोहस्तंभ प्रत्येक व्यापाऱ्याने, विशेषतः लोखंडाचा व्यवहार करणाऱ्याने, अवश्य पाहावा. आज त्याचे तीन तुकडे असून एकूण वजन सुमारे ७ टन आहे. इतके लोखंड एकत्र सांधणारे कारागीर या नगरीत होते, आणि त्यांना कोळसा, धातू व धान्य पुरविणारी बाजारपेठही होती, हे त्या तुकड्यांवरून सहज समजते.

परमारांच्या या राजधानीत विद्येलाही तितकाच मान होता. कवी धनपाल याने विक्रम संवत १०२९ मध्ये येथेच ‘पाइयलच्छीनाममाला’ हा प्राकृत शब्दकोश रचला, तोही आपल्या धाकट्या बहिणीसाठी. तिचे नाव सुंदरी. बहिणीने शिकावे म्हणून भावाने कोश लिहावा, ही गोष्ट आपल्या मुलींना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पुढे राजा भोजाच्या काळात याच धनपालाने ‘तिलकमंजरी’ ही गद्यकथा लिहिली. मराठी अमदानीत ही पवारांची राजधानी झाली. धारच्या किल्ल्यातच १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. किल्ला व लाट मशीद यांसाठी अर्धा दिवस पुरे. भोजशाळेला जाणाऱ्यांनी त्या दिवशीचे प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

वाटेवरील नालछा

धारहून मांडवगडाकडे जाताना नालछा हे गाव लागते. मोटारी तेथे सहसा थांबत नाहीत. आपण मात्र थांबावे. नालछा म्हणजेच जुने नलकच्छपूर. शहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांमुळे मांडलगड सोडून आलेले पंडित आशाधर प्रथम धारेत राहिले, तेथे त्यांनी अध्ययन केले आणि पुढे नलकच्छपुरी स्थायिक होऊन नेमिनाथ चैत्यालयात बसून ग्रंथरचना केली. गृहस्थाच्या आचारावरील ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथावरची त्यांची स्वतःची टीका विक्रम संवत १२९६ मध्ये येथेच पूर्ण झाली. चांगल्या गृहस्थाची लक्षणे सांगताना त्यांनी आरंभीच न्यायाने मिळविलेल्या धनाचा उल्लेख केला आहे; पूजा, दान, विनय यांच्याही आधी कमाईची शुद्धता. निर्वासित होऊन आलेल्या एका विद्वानाने ज्या गावी हे लिहिले, त्या गावी पाच मिनिटे उभे राहणे आपणांस जड जाऊ नये.

मांडवगड

पुढे दरी ओलांडून एकामागून एक दरवाजे लागतात, आणि आपण सुमारे २००० फूट उंचीच्या पठारावर येतो. होशंगशहाने पंधराव्या शतकाच्या आरंभी राजधानी धारहून येथे हलविली. मुंज व कापूर या दोन तलावांमधील जहाजमहाल सुमारे ११० मीटर लांब आहे. तो पावसाळ्यात पाहावा, म्हणजे नावाचा अर्थ कळतो. तिरप्या भिंतींचा हिंदोळा महाल त्याच्या शेजारीच आहे. होशंगशहाची कबर संगमरवराची असून शाहजहान बादशहाच्या वास्तुविशारदांनी १६५९ मध्ये तिला भेट दिल्याचा लेख तेथे कोरलेला आहे. दक्षिण टोकास रूपमतीचा मंडप आहे. हवा स्वच्छ असेल तर तेथून नर्मदेची रेघ दिसते.

परंतु आपले खरे काम याहून निराळे आहे. याच परिसरात ‘गदाशहाचे दुकान’ म्हणून दाखविली जाणारी प्रचंड पडकी इमारत आहे. ती वस्तुतः एखाद्या मोठ्या सरदाराची वास्तू असावी असे जाणकारांचे मत. लोकांनी मात्र तिला दुकान ठरविले. हे नाव पडण्यातच या नगरीची कीर्ती काय होती, हे दिसते. आणखी एक कथा आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे. मांडवगडात लक्षावधी घरे होती, आणि नवा व्यापारी वसावयास आला म्हणजे प्रत्येक घरातून त्याला एक सोन्याची मोहोर आणि एक वीट मिळे. मोहोरांचे भांडवल होई व विटांचे घर. अशीच कथा अग्रोह्याविषयीही सांगतात, तेव्हा तिला इतिहास न म्हणता आदर्श म्हणावे हे बरे. आलेला माणूस प्रतिस्पर्धी नसून शेजारी आहे, ही समजूत त्या कथेचा गाभा होय.

इतिहासही या बाबतीत मुका नाही. होशंगशहाच्या काळी श्रीमाळ कुळातील मंडन हा मंत्री येथे होता. राजाला कादंबरीची कथा ऐकावयाची हौस होती, पण राज्यकारभारातून सवड नव्हती. म्हणून मंडनाने ‘कादंबरीमंडन’ नावाने तिचा संक्षेप करून दिला. त्याचा चुलतबंधू धनदराज याने शतके लिहिली. पुढे संग्रामसिंह सोनी या अधिकाऱ्याने ‘बुद्धिसागर’ रचला. १४३९ मध्ये येथे लिहून चितारलेली कल्पसूत्राची पोथी आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुलतानी राजधानीत व्यापारी कुळांतील माणसे संस्कृतात ग्रंथ लिहीत होती आणि पोथ्या चितारून घेत होती, हे त्या काळच्या परस्परविश्वासाचे प्रमाण आहे.

मग ही नगरी ओस का पडली? १५३१ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने ती घेतली; त्यानंतर हुमायून, शेरशहा व अकबर यांच्या फौजा आल्या. तीस वर्षांत सत्ता इतक्या वेळा पालटली, की उधारीला हमी उरली नाही. जहांगीर १६१७ मध्ये येथे काही महिने राहिला. त्याच्या तळावर असलेला इंग्रज वकील टॉमस रो याने पाण्याच्या टंचाईची तक्रार लिहून ठेवली आहे. गडावरची पेठ मुख्यतः दरबाराच्या मागणीवर जगत होती. दरबार गेला, तलाव-बावड्यांची निगा गेली आणि गिऱ्हाईक खाली सपाटीवर उतरले. मराठ्यांच्या काळी राजधानी पुन्हा धारला गेली. बर्नमध्ये घर जळाले तरी दुकान टिकले. मांडवगडात महाल टिकले, पण दुकान उठले.

भोजनविचार

मांडवगडाच्या सुलतानांपैकी गियासशहाला खाण्याचा भारी शौक. त्याच्यासाठी रचलेले ‘निमतनामा’ हे सचित्र पाकशास्त्राचे पुस्तक इ. स. १५०० च्या आसपासचे असून सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात मांसाहाराचे प्रकार पुष्कळ. तथापि सरबते, विडे आणि सुगंधी द्रव्ये यांच्या कृतीही आहेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या समोशाचे वर्णन त्यात सापडते.

आपण माळव्याचे साधे अन्न घ्यावे. सकाळी पोहे व जिलेबी, दुपारी डाळ-बाफले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात व तुपात बुडवितात, म्हणून बाफला बाटीहून मऊ लागतो. या भागातील आदिवासी पद्धतीचे मक्याचे पानिये पानांमध्ये ठेवून भाजलेले असतात. ते गरम असतानाच खावेत. भुट्ट्याचा कीस पावसाळ्यात उत्तम. कांदा, लसूण व बटाटा वर्ज्य असल्यास आधीच सांगावे. मांडवगडाच्या जैन तीर्थात धर्मशाळा व भोजनशाळा आहे. सूर्यास्तापूर्वी पोहोचण्याच्या बेतानेच दिवसाची आखणी करावी. रस्त्याच्या कडेला विकावयास ठेवलेली मोठी फळे म्हणजे मांडूची चिंच, अर्थात आपली गोरखचिंच. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. त्या आंबट गराची चव घेताना जुन्या दळणवळणाचा पल्ला ध्यानात यावा.

खरेदी

धार जिल्ह्याच्या पश्चिमेस, कुक्षीच्या बाजूला बाघ हे गाव आहे. तेथील प्राचीन बौद्ध लेणी चित्रांसाठी प्रसिद्ध आहेत, आणि तेथील छापील कापड त्याहूनही अधिक घरांत पोहोचले आहे. खत्री कारागीर कापड आधी धुऊन, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर करतात. लाकडी ठशांनी लोखंडाच्या क्षारापासून काळा व तुरटीच्या योगाने लाल रंग उठवितात. वाहत्या पाण्यात धुतात आणि शेवटी तांब्याच्या कढईत धायटीच्या फुलांसह उकळतात. या कापडास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे.

काही वर्षांपूर्वी एका पर्यटनस्थळी आमच्या घरच्या मंडळींनी ‘बाघची’ म्हणून एक चादर घेतली. पहिल्याच धुण्यात रंग वाहून गेला. तो यंत्रछाप निघाला. रकमेचे दुःख फारसे नव्हते. परंतु त्यानंतर आमच्या घरात बाघचे नाव निघाले, की हसू येऊ लागले. कित्येक वर्षांनी एका कारागिराच्या अंगणात उभे राहून काम पाहिले, तेव्हाच तो किंतु गेला. दुकानदाराने एक चादर विकली, आणि त्या भरात एका गावाचे नाव बुडविले. म्हणून घेताना कापड उलटे करून पाहावे. रंग मागे मुरलेला असावा. ठशांच्या सांध्यांत किंचित चूक दिसली तर ती हाताची खूण समजावी. सर्वत्र तंतोतंत सारखी नक्षी असेल, तर विचारपूस करावी. योग्य किमतीपेक्षा फार घासाघीस करू नये. तो कारागीरही आपल्यासारखाच धंदा करतो.

परतीची वाट : देवास

परतताना इंदूरवरून देवासला यावे. टेकडीवरील देवीचे दर्शन झाल्यावर खालच्या गावाकडे पाहावे. एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने नांदत होती. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता. त्याच्या आठवणींचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. ते महाराज, तिसरे तुकोजीराव, मनाने उदार व रसिक. पण हिशेबाची शिस्त राहिली नाही. कर्जाच्या डोंगराखाली संस्थान आले, महाराज १९३३ च्या अखेरीस पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. जमाखर्च न पाहणाऱ्या थोर मनाची ही कहाणी प्रत्येक पेढीवर सांगावी अशी आहे. आणि ज्या गावाने ती पाहिली, त्याच गावी १९७० च्या दशकात सरकारी नोटांचा छापखाना निघाला!

याच देवासने दुसरीही शिकवण दिली. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले तरुण कुमार गंधर्व हवापालटासाठी येथे आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. पुढे त्यांतूनच त्यांचे नवे संगीत उभे राहिले. १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते येथेच राहिले. बाहेरून आलेल्या आजारी माणसाला या गावाने आसरा दिला, आणि त्याने गावाचे नाव देशभर नेले. मोहोर आणि वीट यांची कथा आपण दंतकथा म्हणून बाजूस ठेवली होती. देवासने ती आपल्या परीने खरी करून दाखविली.

शेवटची विनंती

सभासद बंधुभगिनींनी येत्या पावसाळ्यात तीन दिवस काढावेत : एक धार व नालछ्यास, एक मांडवगडास, एक बाघ वा देवासला. मुलांच्या हाती वही द्यावी. परत आल्यावर त्यांना तीन गोष्टी लिहावयास सांगाव्यात : काय पाहिले, काय खाल्ले आणि जे विकत घेतले ते कोणी व कसे बनविले. आणि आपण स्वतः आपल्या दुकानाच्या फळीवरील मालाकडे एकदा त्याच नजरेने पाहावे. आपल्या गावाला आलेला पाहुणा आपल्याकडून जे घेऊन जातो, त्यावरूनच तो गावाची किंमत करतो. मांडवगडच्या मोहोरा आज कोठेच नाहीत, विटा रानात विखुरल्या आहेत. शिल्लक आहेत त्या पोथ्या, आणि नलकच्छपुरी लिहिलेला तो न्याय्य कमाईचा विचार. आपल्या पेठा उघड्या आहेत तोवरच तो आचरणात आणावयाचा आहे.