क्रोटनचे रंग कां गेले?

गतवर्षीं आमच्या शाळेच्या व्हरांड्यांतील क्रोटनच्या दोन कुंड्या शोभेकरितां वर्गांत आणून ठेविल्या. दोन महिन्यांत तांबडीं-पिवळीं पानें हिरवट पडलीं, कांड्या लांबल्या व शेंडे खिडकीकडे वांकले. झाड उपाशी आहे असें समजून मुलांनीं मूठभर अमोनियम सल्फेट घातलें. पानांच्या कडा करपल्या. आठवड्याभरांत एक कुंडी ओकीबोकी झाली. मुलांस दोष देववत नाहीं. "खत म्हणजे झाडाचें अन्न" हें वाक्य मींच फळ्यावर लिहिलें होतें.

खरें पाहतां झाड माती खाऊन वाढत नाहीं. व्हान हेल्मॉन्ट यानें कुंडींत विलो जातीचें रोप लावून पांच वर्षें केवळ पाणी घातलें. १६४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतांत झाड सुमारें १६४ पौंडांनीं वाढल्याचें व माती अवघी सुमारें दोन औंस घटल्याचें नमूद आहे. सारी वाढ पाण्याचीच, असें त्यास वाटलें; तें अपुरें होतें. पानें सूर्यप्रकाशांतच प्राणवायु सोडतात हें इंगेनहाऊझनें १७७९ सालीं दाखविलें. हवेंतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून प्रकाशाच्या बळावर पान साखर तयार करतें. तेंच झाडाचें अन्न. खतांतील नत्र हरितद्रव्य व इतर घटक घडविण्यास लागतें खरें, परंतु चूल विझलेली असतां शिधा वाढवून भात शिजत नाहीं.

प्रकाश कमी पडला कीं क्रोटनचें तांबडें रंगद्रव्य नीट तयार होत नाहीं, आणि वर नत्र दिल्यास हिरवेपणाच वाढतो. न वापरलेले क्षार मातींत सांचून मुळांस पाणी शोषूं देत नाहींत. कुंडीच्या कांठावर पांढरें पुट दिसल्यास खत थांबवून, पाणी तळांतून वाहून जाईपर्यंत घालावें.

उरलेली कुंडी आम्हीं असेंच धुऊन बाहेर नेली; मात्र आठवडाभर केवळ सकाळचें ऊन दिलें, कारण सांवलींतील पानें एकदम कडक उन्हांत भाजतात. नवीं पानें प्रथम हिरवट-पिवळीं आलीं व जून होतां होतां तांबूस झालीं. (हंसराजास मात्र हा उपाय करूं नये, त्यास सांवलीच मानवते.)

ज्यांस स्वतः पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं कोलियसचीं चार कलमें सारख्या कुंड्यांत लावावीं. दोन खिडकीशीं व दोन खोलीच्या कोपऱ्यांत ठेवून प्रत्येक जोडींतील एकासच थोडें शेणखत द्यावें आणि दर शनिवारीं दोन पेरांमधील अंतर मोजून वहींत लिहावें.