शेलच्या स्वयंचलित चाचण्या आणि काशीतील पाठरक्षण

वेदपाठाच्या आठ विकृतींचा हेतू अलंकरणाचा नसून परीक्षेचा आहे. जटापाठात दोन पदे सरळ, उलट व पुन्हा सरळ म्हटली जातात. घनपाठात तिसरे पद येऊन मिळते आणि एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असा क्रम सिद्ध होतो. काशीत ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरात वसलेल्या महाराष्ट्रीय घराण्यांमुळे ही परंपरा मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. २०२५ साली अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या तरुणाने काशीतच शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २००० मंत्रांचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले. अशा पारायणाकडे स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून पाहिले जाते. परंतु तिचे मर्म निराळे आहे. पदे उलटी होताच संहितेत कधीही न आलेले संधी करावे लागतात. ते कानाच्या सवयीने साधत नाहीत, प्रातिशाख्यातील नियमानेच साधतात. म्हणूनच पद गळले वा स्थान बदलले, की दोष तेथल्या तेथे उघडा पडतो.

आज हस्तलिखितांच्या नोंदी, शब्दसूची व पाठभेदांच्या याद्या संगणकावर तयार होतात. शेकडो फायलींची नावे बदलणे, त्यांतून शब्द शोधणे, त्यांचा क्रम लावणे ही कामे शेलकडून, म्हणजे टंकलिखित आज्ञा स्वीकारून संगणकाकडून ती पार पाडून घेणाऱ्या कार्यक्रमाकडून, करविली जातात. शेल चुकले तर पाठ मुकाट्याने बिघडतो. २०१६ साली मूळ संहितेसह खुले झालेले पॉवरशेल विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्हींवर चालते; त्याच्या बहुसंख्य चाचण्या पेस्टर या साधनाने लिहिल्या जातात. त्यांची रचना साधी आहे. ‘डिस्क्राइब’ हा शब्द परीक्षेचा विषय सांगतो, ‘इट’ एक विधान मांडतो आणि ‘शुड’ अपेक्षित फलाशी प्रत्यक्ष फल ताडून पाहतो. ‘इन्व्होक-पेस्टर’ ही आज्ञा दिली की सर्व विधाने क्रमाने तपासली जातात, आणि मूळ संहितेत बदल सुचविला गेला की हीच तपासणी तिन्ही प्रणालींवर आपोआप घडते.

प्रणाली तीन असल्याने प्रश्न गुंतागुंतीचे होतात. विंडोजवर ‘एलएस’ हे पॉवरशेलच्याच एका आज्ञेचे टोपणनाव आहे. लिनक्सवर त्याच नावाने निराळा, स्वतंत्र कार्यक्रम चालतो. एखादे विधान एका प्रणालीला लागूच नसेल तर चाचणी ‘वगळली’ अशी नोंद व्हावी. ती ‘उत्तीर्ण’ गणली गेली तर तो अहवाल खोटा ठरेल. चाचणीची फाईलही निर्दोष असेलच असे नाही. ‘इट’पुढील विधान मराठीत लिहिता येते, ही सोय उत्तमच, मात्र विंडोज पॉवरशेलची ५.१ ही आवृत्ती आरंभखूण नसलेली यूटीएफ-८ फाईल प्रणालीच्या जुन्या संकेतमालेनुसार वाचते आणि मराठी अक्षरे विस्कटतात. परीक्षकच अशुद्ध उच्चार करू लागला, तर परीक्षार्थ्याला दोष देता येत नाही. सहाव्या आवृत्तीपासून ही अडचण राहिली नाही.

मराठीपुरता सर्वांत बोधक दाखला ‘तऱ्हा’ या शब्दाचा आहे. यातील अर्धा र यूनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो: ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून; र, नुक्ता व हलन्त अशा क्रमाने; किंवा र व हलन्त यांपुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसू शकतात. पहिल्या दोहोंना यूनिकोड समतुल्य मानते, तिसऱ्याला नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाईलव्यवस्था पहिला प्रकार मोडून दुसऱ्यात साठवीत असे. २०१७ साली आलेली एपीएफएस दिलेले रूप कायम ठेवते. लिनक्सवर सामान्यतः ही दोन निराळ्या फायलींची नावे होतात आणि एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदू शकतात. तेव्हा ‘तऱ्हा’ नावाची फाईल तात्पुरत्या जागी निर्माण करावी, यादी मागवावी आणि परत आलेले नाव मूळ नावाशी वर्णसंकेतांच्या क्रमाने ताडावे, अशी चाचणी हवी. केवळ दृश्य साम्य पाहणारी चाचणी येथे कधीच अनुत्तीर्ण होणार नाही. अर्थात ती निरुपयोगी होय.

येथे घनपाठाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. पदपाठातच चुकीचे पद रूढ झाले असेल, तर घनपाठी तेच पद निष्ठेने उलटसुलट म्हणत राहील. शेलने आज दिलेले फल उचलून तेच ‘अपेक्षित’ म्हणून नोंदविणारी चाचणी नेमकी अशीच आहे: ती स्थैर्याची ग्वाही देते, शुद्धतेची नाही. अपेक्षित फल शेलच्या बाहेरून, म्हणजे यूनिकोडच्या समतुल्यतेच्या नियमांतून आणि मराठी लेखनव्यवहारातून यावयास हवे. नवी चाचणी लिहिल्यावर संहितेत मुद्दाम दोष घालून ती अनुत्तीर्ण होते की नाही, हेही एकदा पाहावे. पहिल्या दोन रूपांचा निर्णय यूनिकोडने दिलेला आहे. जोडचिन्हाचे तिसरे रूप शोधात त्याच शब्दात धरावे की निराळे मानावे, हे मात्र शब्दसूची करणाऱ्या मराठी अभ्यासकाने ठरवून चाचणीत स्वतंत्र विधान म्हणून लिहून द्यावयाचे आहे.